हिंडत्या बगोण्यांची मोजणी

केसरबाईच्या कमरेला एक किल्ली होती आणि त्या किल्लीला तीन गावांची लग्नं अडकलेली असत.

पळसखुटी, बोरमाळ आणि हिवरतळ ही डोणगावच्या अलीकडची तीन गावं. तिकोनात वसलेली. कुठूनही कुठं जायचं तरी मध्ये कोस-दीड कोसाची गाडीवाट. या तीन गावांची पंक्तीची बगोणी सामाईक होती. बगोणं म्हणजे पितळेचं एवढं थोरलं पातेलं, की त्यात बसून एखाद्या लेकराने आंघोळ करावी. चौदा वर्षांपूर्वी उत्तमराव देशमुखांनी मरायच्या आधी पुण्य म्हणून ती तिन्ही गावांना दिली होती. पळसखुटीत मारुतीच्या पारावर बगोण्यांची रास मांडली होती, नारळ फोडला होता, आणि त्यातली खोबऱ्याची एक कातळी केसरबाईच्याही वाट्याला आली होती. त्याच दिवशी पाराशेजारच्या, बगोणी ठेवायच्या कोठीची किल्लीही आली. कारण सोपं होतं. किल्ली कुणाकडे द्यायची यावर भांडण लागलं, आणि जिच्या घरी कुणाचंच लग्न व्हायचं नाही अशी तिन्ही गावांत एकटी केसरबाईच निघाली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिला बगोण्यांचा लोभ कशाला सुटेल?

लोभ सुटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. विधवा बाईला हळदीला कुणी बोलावत नाही. पण किल्लीवाल्या बाईला बोलावल्यावाचून गत्यंतर नव्हतं. बगोण्यांबरोबर केसरबाई यायची, मांडवात वरमाईच्या शेजारी बसायची, आणि वरण पातळ झालं की साऱ्यांदेखत आचाऱ्याला झापायची. चौदा वर्षांत तिने दोनशेवर लग्नं पुढच्या रांगेतून पाहिली होती. किल्ली गेली की ती मांडवाबाहेरच्या लिंबाखाली जाणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि आता किल्ली जायची वेळ आली होती.

झालं असं, की महाराष्ट्र नवा झाला, ग्रामपंचायत नवी झाली आणि वामनराव नावाचे ग्रामसेवकही नवे आले. त्यांच्याकडे एक नवी नोंदवही होती. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी जुन्या वहीवरून उतरवून घेतलं होतं : सामाईक बगोणी, एकूण नग एक्केचाळीस. सरकारी माणूस म्हटल्यावर लिहिलेलं मोजून पाहणं आलंच. चैत्रातल्या एका दिवशी वामनराव सायकलवरून निघाले. पळसखुटीत एकोणीस बगोणी भरली. तिथं त्यांनी जेवण केलं, वामकुक्षी केली आणि मग बोरमाळला गेले. तिथं पंधरा. शेवटी हिवरतळला तेरा. बेरीज सत्तेचाळीस.

कमी भरली असती तर लोकांनी समजून घेतलं असतं. पण जास्त?

“सहा बगोणी वरतून पडली का काय?” हिंमतराव पंच म्हणाले. “डोणगाववाल्यांची उचलली असन या बाईनं. आपली तिन्ही गावं चोर ठरून राह्यली!”

केसरबाईने शपथा घेतल्या. पुढच्या आठवड्यात वामनरावांनी पुन्हा मोजणी केली. या वेळी हिवरतळपासून उलटे गेले. दहा, बारा आणि चौदा. छत्तीस.

“पाहा,” हिंमतराव म्हणाले, “बोंब झाल्याबरोबर परत करून आली. अन घाईत आपलीबी पाच देऊन आली.”

अशा रीतीने एकाच महिन्यात केसरबाई दोन्ही दिशांनी चोर ठरली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी पारावर सभा बोलवायची, तोवर बगोणी एक्केचाळीस भरली नाहीत तर किल्ली काढून घ्यायची, असं ठरलं. घेऊन द्यायची कुणाला, तेही ठरलेलंच होतं. हिंमतरावांच्या कारभारणीने, अन्नपूर्णाबाईने, किल्लीसाठी चांदीचा छल्ला कधीच करून ठेवला होता.

घोळ काय होता ते केसरबाईला पहिल्या दिवशीच कळलं होतं. लग्नसराईत बगोणी कोठीत येतच नाहीत. एका मांडवातून निघून गाडीत बसतात ती थेट दुसऱ्या मांडवात उतरतात.

“भाऊसाहेब,” ती वामनरावांना म्हणाली, “तुम्ही आमच्या इथं मोजली, मंग जेवून झोपले. तुम्ही घोरत होते तवा इथली पाच-सात बगोणी गाडीत बसून बोरमाळले गेली. तुम्ही मागून जाऊन तीच डबल मोजली.”

“पाच की सात?”

“गाडीवाल्याले याद नाई. अन दुसऱ्या खेपेले तुम्ही हिवरतळ मोजून निघाले, अन तुमच्या पाठीमागं इथून तिथं गाडी चालली होती. तुम्ही इथं आले तं ती इथं नाई, अन तिथं तुम्ही आधीच मोजून बसलेले.”

वामनराव हुशार होते. त्यांनी बगोण्यांवर रंगाने आकडे घालून पाहिले. पण बोरमाळची बगोणी सांभाळणाऱ्या मंजुळाबाईच्या हाताखालच्या बायांना पितळेवर डाग खपत नसे. राख आणि नारळाच्या शेंड्या घेऊन त्यांनी दोन पंक्तींत सगळे आकडे घासून काढले आणि वर वामनरावांनाच विचारलं, कोन्या पोट्ट्यानं हा घाणेरडेपणा केला म्हणून.

मग त्यांना दुसरी युक्ती सुचली. मंगळवारी बरोबर बारा वाजता तिन्ही गावांत एकदम मोजायचं.

ही युक्ती बारा वाजेपर्यंत उत्तम होती. पळसखुटीत बारा वाजले ते शाळेच्या मास्तरांच्या घड्याळात, जे मास्तर घाईत असले की पुढं जायचं. बोरमाळला लिंबाची सावली बुंध्याला टेकली की बारा. आणि हिवरतळला मेहकरची एस.टी. आली की बारा, हे पिढीजात नसलं तरी एस.टी. सुरू झाल्यापासून चालत आलेलं होतं. त्या मंगळवारी एस.टी.चं चाक बसलं आणि हिवरतळला बारा वाजायला पावणेदोन झाले. बगोणी भरली चव्वेचाळीस.

“मंग सारी एका जागी आना ना,” पुंजाजी म्हणाला. तो हिवरतळची बगोणी सांभाळायचा.

“आन तू. अन लग्नाचा भात तुझ्या टोपीत शिजव,” केसरबाई म्हणाली.

तेही खरंच होतं. आखाजीपर्यंत एक दिवस लग्नावाचून कोरा नव्हता. मोजणीसाठी लग्न थांबवा म्हटलं असतं तर किल्लीबरोबर केसरबाईही गावाबाहेर गेली असती.

केसरबाई दोन दिवस विचार करत राहिली. घड्याळांचं एकमत होत नाही, बगोणी थांबत नाहीत. थांबत नाहीत तर नाही. पण वाटेवर एखादी खूण पाठवता येईल की नाही? जिच्या पुढचं ते मोजणीच्या आधीचं आणि मागचं ते नंतरचं? तिसऱ्या दिवशी तिने जुन्या लुगड्याची सहा फडकी फाडली, हळदीत बुचकळली आणि वळणीवर टाकली. मग तिन्ही गावांतली कामाची माणसं आपल्या ओट्यावर बसवली.

“नीट ऐका. मी इथं मोजतो, अन मोजल्याबरोबर दोन्ही वाटांनी एक-एक पिवळं फडकं धाडतो. फडकं निघाल्याबिगर एक बगोणं गावाबाहेर जाणार नाई. ज्या गावात पहिलं फडकं आलं, त्यानं हातातलं काम टाकून आपल्या गावातली बगोणी मोजायची, अन आपल्या दोन्ही वाटांनी फडकी धाडायची. समजलं?”

“हाव. अन मंग?” मंजुळाबाईने विचारलं.

“मंग दुसऱ्या वाटेवर डोळा ठेवायचा. त्या वाटेनं फडकं येईपर्यंत जेवढी बगोणी येतीन ती वेगळी लिहायची. ती वाटेवरची. तिथून मोजायच्या आधी निघालेली, अन तुम्ही मोजल्यावर पोचलेली. कोन्याच गावात न मोजलेली.”

“अन फडक्याच्या मागून आली तं?”

“ती तिकडं मोजून झाली. ती सोडून द्यायची.”

पुंजाजीने डोकं खाजवलं. “म्हंजे एकाच वेळी मोजायचंच नाई?”

“कायले? गाव आपल्या वेळेवर मोजन. फडकं आलं की ते त्याचे बारा.”

वामनराव नोंदवहीच्या पाठीमागे तीन ठिपके आणि सहा बाण काढून बसले होते. बराच वेळ त्यांनी बाणांवरून पेन्सिल फिरवली. “बाई,” ते सावकाश म्हणाले, “हे बरोबर येतं. फक्त एक गोष्ट. वाटेत कुणी फडक्याच्या पुढं गेलं तर?”

“तं सारं मातीत. म्हनून नियम आहे. कोन्या गाडीनं फडक्याले मागं टाकायचं नाई, अन फडकंवाल्यानं कोन्या गाडीले मागं टाकायचं नाई. जीव गेला तरी.”

आखाजीच्या आदल्या दिवशी हिवरतळला लग्न होतं. मुहूर्त बाराचा. नवरदेव पळसखुटीचा, हिंमतरावांचाच पुतण्या. केसरबाईने सकाळी बगोणी मोजली. सतरा. बोरमाळच्या वाटेने फडकं दिलं कचरूकडे, तो तरणाताठा होता. हिवरतळच्या वाटेने द्यायला मात्र कडूबाशिवाय कुणी मोकळं नव्हतं. कडूबा हा आयुष्यात कधीही घाईत न सापडलेला माणूस. लोक म्हणत की तो जन्मालाही दहाव्या महिन्यात आला. त्याने फडकं काठीला बांधलं, काठी खांद्यावर टाकली, आणि तंबाखू मळत निघाला.

मोजलेल्या सतरांतली चार बगोणी लग्नाला हवी होती. ती गाडीत भरून, गावाच्या दोन्ही वाटांवर डोळा ठेवायला मास्तरांना बसवून केसरबाई मागून निघाली. तिच्यामागं नवरदेवाची घोडी, तिच्यामागं वाजंत्री, आणि त्यांच्यामागं वऱ्हाडाच्या सात गाड्या.

अर्ध्या कोसात ते कडूबाला गाठून बसले.

वाट अरुंद होती, दोन्ही अंगांना निवडुंगाची दाट कुंपणं. मधोमध कडूबा. तो दर शेताशी थांबून आत हाक मारायचा, “काय पाटील, इहीरीले पानी आहे का?” पाटील आतून सांगायचा. कडूबाला ते नीट ऐकू यायचं नाही, म्हणून पाटील कुंपणापर्यंत येऊन पुन्हा सांगायचा.

“ए कडूबा!” मागून हिंमतराव ओरडले. “सरक बे बाजूले!”

“सरकतो ना. पन तुम्ही म्होरं जाऊ नका. केसरबाईनं सांगतलं आहे.”

“मंग लवकर चाल!”

“लवकर चाल असं नाई सांगतलं.”

वाजंत्र्यांना वाटलं पोचलो. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. घोडी भडकली. नवरदेवाचं बाशिंग कानावर आलं. कडूबाने मागं वळून साऱ्या वरातीकडे कौतुकाने पाहिलं आणि दगडावर बसून चंची सोडली. वाजंत्री चालू असताना चालत राहणं त्याला बरं वाटेना.

हिंमतराव गाडीतून उतरून केसरबाईपाशी आले. त्यांच्या फेट्याचा शेमला थरथरत होता. “बाई, मुहूर्त चालला. तुझ्या एका फडक्यापायी पोराचं लग्न मोडू का? काढ गाडी म्होरं!”

केसरबाईने गाडीतल्या चार बगोण्यांकडे पाहिलं. ही चार तिने सकाळी मोजली होती. कडूबाच्या आधी ती हिवरतळला पोचली, की पुंजाजी ती पुन्हा मोजणार. चव्वेचाळीस, सत्तेचाळीस, काहीतरी असंच भरणार आणि उद्या किल्लीला चांदीचा छल्ला लागणार. आणि गाडी थांबवून मुहूर्त चुकवला, तर रांडमुंड बाईने लग्न नासवलं म्हणून तिला जन्मभर कुणी मांडवाच्या सावलीलाही उभं करणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये कडूबा तंबाखूला चुना लावत होता.

“हिंमतरावभाऊ,” ती म्हणाली, “फडक्याच्या म्होरं जाता येत नाई. पन फडक्याले पळवता येते.”

“म्हंजे?”

“कडूबाले घोडीवर बसवा.”

वाजंत्रीही वाजवायचं सोडून ऐकायला पुढं आले.

“अन नवरदेव?”

“तो मागं बसन. तरणा आहे, पडत नाई.”

हिंमतरावांनी हो-नाही म्हणायच्या आत चार जणांनी घोडी कुंपणाला घासत गाडीच्या पुढं काढली, कडूबाला दगडावरून उचललं आणि तिच्यावर टाकलं. तो जन्मात घोडीवर बसला नव्हता. त्याने एका हाताने आयाळ धरली, दुसऱ्या हाताने पिवळं फडकं उंच धरलं, आणि नवरदेवाने जीव वाचवायला कडूबाच्या कमरेला मिठी मारली. “हळू व माय! हळू!” असं कडूबा ओरडत होता. घोडीला हे नवीन होतं. ती सुटली. मागून बगोणी खणखणत, बैल उधळत, वाजंत्री धापा टाकत सारं वऱ्हाड सुटलं.

हिवरतळच्या वेशीत सुवासिनी आरत्या घेऊन उभ्याच होत्या. धुळीच्या लोटातून घोडी आली. पुढं बसलेला तो नवरदेव, हे तर कुणीही सांगेल. शिवाय त्याच्या हातात हळदीचं फडकं. त्यांनी कडूबाला कुंकू लावलं, ओवाळलं आणि तोंडात साखर घातली. मांडवाच्या दारातून नवरीच्या आजीने निरखून पाहिलं आणि हंबरडा फोडला, “अगं माय! हा तं माह्या वयाचा आहे!”

“मी नाई व,” कडूबा साखर चघळत म्हणाला. “तुमचा मागं लटकून राह्यला.”

“पुंजाजी!” गाडीतून केसरबाई ओरडली. “फडकं आलं! मोज!”

पुंजाजीने आचाऱ्याला बाजूला ढकलून गावातली बगोणी मोजली. अकरा. आपली दोन फडकी दोन्ही वाटांनी धाडली आणि तो बोरमाळच्या वाटेवर जाऊन बसला. मग केसरबाईने आपली चार बगोणी आत सोडली. ती कुणी मोजली नाहीत.

आणि मुहूर्त? तो चुकलाच नाही. मेहकरची एस.टी. अजून आली नव्हती, त्यामुळे हिवरतळला बारा वाजलेच नव्हते. भटजींनाही तिथल्या तिथं उलटं बोलायची हिंमत झाली नाही. नवरा-नवरी अंतरपाटाशी उभी राहिली, लांबून एस.टी.चा भोंगा ऐकू आला आणि अक्षता पडल्या.

पंगत बसायच्या वेळेला बोरमाळच्या वाटेने एक गाडी आली. तीन बगोणी होती. गाडी ओढायला बैल होते, पण ढकलायला धुळीने पांढरा झालेला एक माणूस होता आणि त्याच्या दातांत पिवळं फडकं होतं. तो कचरू.

त्याने पळसखुटीचं फडकं सकाळीच बोरमाळला पोचवलं होतं. मंजुळाबाईने नऊ मोजली आणि हिवरतळला धाडायचं फडकं पुन्हा त्याच्याच हाती दिलं. ही गाडी त्याआधीच निघालेली होती आणि नाल्यात तिच्या चाकाची धाव निखळली होती. “गाडीले मागं टाकायचं नाई म्हने,” कचरू धापा टाकत म्हणाला. “मंग काय करू? ढकलत आनली. दीड कोस, मावशी. दीड कोस.”

“वाटेवरची तीन!” पुंजाजी ओरडला आणि त्याने भिंतीवर कोळशाने तीन रेघा ओढल्या.

संध्याकाळपर्यंत सहाही फडकी पोचली, आणि बाकी कुठल्याच वाटेवर वेगळं लिहायचं बगोणं निघालं नाही. दुसऱ्या दिवशी, आखाजीची पुरणपोळी खाऊन तिन्ही गावं पारावर जमली. वामनरावांनी तीन गावांचे आकडे मांडले. सतरा, नऊ, अकरा. त्याखाली वाटेवरची तीन. त्यांनी बेरीज केली. पुन्हा केली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा केली.

“चाळीस,” ते म्हणाले.

अन्नपूर्णाबाईने पदराआडून छल्ला काढला.

“एक कमी,” हिंमतराव उभे राहिले. “आता तं तुझ्याच मोजणीनं चोर ठरली, केसरबाई. ठेव किल्ली.”

केसरबाईने कमरेची गाठ सोडली. किल्ली हातात घेतली. मग तिने किल्ली मुठीत आवळून धरली.

“नाई ठेवत.”

“काऊन?”

“माही मोजणी खोटी नाई. काल एकबी बगोणं सुटलेलं नाई, कोनतं दोनदा नाई. चाळीस म्हंजे चाळीस. खोटा आहे तो एक्केचाळीस. तो कोनी मोजला? मले दाखवा.”

“उत्तमराव देशमुखांनी दिली तवाचा कागद आहे!” हिंमतराव गरजले. “माह्या पेटीत आहे!”

“मंग आना.”

कागद आला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. आजवर त्यावरचा आकडाच जो तो सांगत आला होता, वरची ओळ कुणी वाचली नव्हती. हिंमतरावांनी तो ऐटीत वामनरावांच्या हातात दिला. वामनरावांनी मोठ्याने वाचलं. “सप्रेम अर्पण. पितळी बगोणी व वर शगुनाचं श्रीफळ एक, मिळून एकूण नग एक्केचाळीस.”

कुणाला पटकन काही कळलं नाही. पहिला हसला तो कचरू. मग मंजुळाबाई.

“श्रीफळ म्हंजे नारळ ना?” पुंजाजीने विचारलं.

“नारळच.”

“तो तं तवाच फोडला.”

“कोनी फोडला?” केसरबाई म्हणाली. तिला चांगलं आठवत होतं.

सगळ्यांच्या माना हिंमतरावांकडे वळल्या. पंच म्हणून नारळ फोडायचा मान त्यांचाच होता. अर्धी वाटी त्यांनी घरीही नेली होती.

“प्रसाद होता तो!” हिंमतराव म्हणाले. “साऱ्यांनी खाल्ला!”

“मीबी खाल्ला,” केसरबाई म्हणाली. “म्हनून तर सांगून राह्यलो. सामाईक नग साऱ्यांनी मिळून खाल्ला, अन चौदा वर्सांनी एकटीले चोर म्हनता!”

अन्नपूर्णाबाईने छल्ला परत पदरात घेतला. वामनरावांनी नोंदवही उघडली, एक्केचाळीसवर काट मारली, चाळीस लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात बराच विचार करून लिहिलं : नग एक, पारावर भक्षण. किल्ली केसरबाईकडे कायम.

किल्ली कमरेला पक्की बांधून केसरबाई उठली. पण हिंमतरावांचं समाधान होईना. आकडा विषमच हवा, चाळीस अपशकुनी आहे, देशमुखांच्या आत्म्याला काय वाटेल, असं ते पुन्हा पुन्हा बोलत राहिले. शेवटी केसरबाई घरी गेली, देवापुढचा नारळ घेऊन आली आणि पारावर ठेवला.

“घ्या. झाले एक्केचाळीस.”

“आता कसं!” हिंमतरावांचा चेहरा फुलला आणि त्यांचा हात सवयीने नारळाकडे गेला.

केसरबाईने नारळ अलगद उचलला, कोठी उघडली, सगळ्यांत खालच्या बगोण्यात ठेवला आणि बाहेरून कुलूप लावलं.

“आता पुढच्या मोजणीले भेटू त्याले,” ती म्हणाली. तेवढ्यात पाराच्या टोकाला बसलेल्या कडूबाने तंबाखूची पिचकारी टाकून विचारलं, “पुढची मोजणी कवा आहे मंग? अन घोडी तीच मिळन का?”